साहेब येण्याआधीचा चुना

कारखान्याच्या भिंतीला चौदा महिन्यांच्या आत चुना लागलाच पाहिजे, असं १९४८चा फॅक्टरी कायदा सांगत आला. कलम अकरा. भिंत ऑइलपेंटची असेल तर पाच वर्षांनी नवा हात आणि चौदा महिन्यांतून एकदा सफाई. पाण्याने धुता येणारा रंग असेल तर तीन वर्षांनी नवा हात आणि सहा महिन्यांनी धुणं. यातलं काहीच नसेल तर पांढरा किंवा रंगीत चुना. वर, हे कधी केलं त्याची तारीख रजिस्टरात. एमआयडीसीतल्या एखाद्या मुरलेल्या सुपरवायझरला कलमाचा आकडा विचारलात तर तो खांदे उडवेल. पण फॅक्टरी इन्स्पेक्टरची व्हिजिट लागली की पहिला फोन रंगाऱ्याला जातो, हे मात्र तो हसत हसत सांगेल.

मग आठवडाभर कारखान्याला लग्नघराची कळा येते. कॉम्प्रेसरमागचं भंगार हलतं. जमिनीवरचे पिवळे पट्टे पुन्हा ओढले जातात. आगीसाठी टांगलेल्या लाल बादल्यांतली वाळू बदलावी लागते, कारण जुन्या वाळूत विड्यांची थोटकं आणि गुटख्याच्या पुड्या निघतात. एक्स्टिंग्विशरची ड्यू डेट कधीच उलटलेली असते, म्हणून रिफिलवाल्याला गाठायचं. प्रथमोपचाराच्या पेटीची किल्ली स्टोअरकीपरकडे मिळते, पेटीत चिकटपट्टीचे दोन तुकडे आणि मुदत संपलेलं मलम. ऑफिसात ओव्हरटाइमचं रजिस्टर एकाच पेनाने, एकाच बैठकीत तीन महिने पुढे सरकतं. आणि ठेकेदाराच्या माणसांपैकी ज्यांचे कागद नाहीत त्यांना सांगितलं जातं, दोन दिवस येऊ नका.

या तयारीला वंशावळ आहे, आणि ती आपल्याकडच्या सरकारी कारभारापेक्षा बरीच जुनी आहे. तयारीतली जवळजवळ प्रत्येक गोष्ट कधीतरी खऱ्या माणसाच्या खऱ्या मरणातून, आजारातून किंवा मागणीतून आलेली आहे. ती पुढे देखाव्याची वस्तू कशी झाली, ते बघण्यासारखं आहे.

चुन्यापासूनच सुरुवात करू. १७८४मध्ये इंग्लंडात, लँकेशायरमधल्या रॅडक्लिफ इथे रॉबर्ट पील यांच्या सूतगिरणीच्या परिसरात तापाची साथ पसरली. मँचेस्टरचे डॉक्टर थॉमस पर्सिव्हल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाहणी केली. जंतूंची कल्पना तेव्हा कुणालाच नव्हती. दूषित, कोंदट हवेतून ताप येतो असा वैद्यकाचा समज होता. त्यामुळे उपायही तसेच: खिडक्या उघडा, मुलांचे तास कमी करा, भिंतींना चुना द्या. पुढे १८०२मध्ये याच गिरणीमालक पील यांनी पार्लमेंटात पहिला गिरणी कायदा आणला. त्यात वर्षातून दोनदा कळीच्या चुन्याने खोल्या धुण्याची सक्ती होती. पाहणी करायला स्थानिक मॅजिस्ट्रेटांनी दोन माणसं नेमायची, एक न्यायाधीशांपैकी आणि एक धर्मोपदेशक. दोघंही त्याच गावचे, मालकाच्या उठण्याबसण्यातले. कायदा कागदावर राहिला, हे वेगळं सांगायला नको. पण चुना टिकला. १८४४च्या कायद्यात तो ‘चौदा महिन्यांतून एकदा’ झाला आणि हाच आकडा शंभर वर्षांनी, स्वतंत्र भारताच्या कायद्यात जसाच्या तसा उतरला. लँकेशायरच्या तापावरचा उपाय असा भोसरी-चाकणच्या पत्र्याच्या शेडपर्यंत पोचला. ताप मागे राहिला, आकडा पुढे आला.

खरा इन्स्पेक्टर जन्मला १८३३मध्ये. त्या वर्षीच्या कायद्याने सबंध ब्रिटनसाठी चार इन्स्पेक्टर नेमले, पगारी, सरकारचे, गावचे नव्हेत. त्यांतला लिओनार्ड हॉर्नर पुढे पंचवीसएक वर्षं गिरण्या पालथ्या घालत राहिला आणि त्याच्या अहवालांवर कार्ल मार्क्सने ‘भांडवल’मधलं कामाच्या दिवसावरचं प्रकरण उभं केलं. इन्स्पेक्टरबरोबरच त्याला चकवण्याची कलाही जन्मली. जेवणाच्या सुट्टीतली पाच मिनिटं इकडून, दहा तिकडून चोरणं, मुलांना पाळ्यांमध्ये असं फिरवणं की कोण किती वेळ कामावर आहे ते इन्स्पेक्टरला हिशेबाने लागूच नये, गिरणीचं घड्याळ मागेपुढे करणं, हे सगळं त्या काळातच सुरू झालं.

जुने कायदे वाचताना एक गंमत कळते. प्रत्येक विचित्र कलमाच्या मागे एक लबाडी दडलेली असते. १८४४चा कायदा म्हणतो, कामाची वेळ सार्वजनिक घड्याळावरून, म्हणजे जवळच्या रेल्वे स्टेशनवरच्यासारख्या घड्याळावरून मोजावी. हे लिहावं लागलं याचाच अर्थ गिरणीतल्या घड्याळावर कुणाचा विश्वास उरला नव्हता. आपल्या १९४८च्या कायद्यातलं कलम १०३ म्हणतं, यंत्रं चालू असताना कारखान्यात जो माणूस सापडेल तो तिथे कामाला आहे असंच धरलं जाईल. नाही, हे मालकाने सिद्ध करायचं. पुढचंच कलम १०४ वयाबद्दल. एखादा मुलगा ठरलेल्या वयाखालचा आहे असं कोर्टाला दिसलं, तर तो तसा नाही हे आरोपीने दाखवायचं. ‘हा पोरगा तर नुसता बापाचा डबा घेऊन आला होता, साहेब’ हे उत्तर किती इन्स्पेक्टरांनी किती वर्षं ऐकलं असेल, त्याशिवाय ही दोन कलमं सुचणार नाहीत. चौदा वर्षांवरच्या मुलांनी कामावर असताना दाखल्याचा बिल्ला अंगावर बाळगायचा, ही अटही त्याच घराण्यातली.

मुंबईत हे सगळं कसं आलं? १८५४मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिली कापडगिरणी उभारली आणि वीस वर्षांत गिरण्यांची रांग लागली. त्यात बायका-मुलं उजाडल्यापासून मावळेपर्यंत राबत होती. मुंबई सरकारच्या कापूस खात्याचे मेजर मूर यांच्या अहवालात ही स्थिती मांडली गेली आणि तो अहवाल विलायतेत पोचला. तिथे दोन तऱ्हेची माणसं एकदम जागी झाली. एक लॉर्ड शाफ्ट्सबरींसारखी, ज्यांना मुलांची खरी कणव होती. दुसरी मँचेस्टरचे गिरणीमालक, ज्यांना मुंबईचं स्वस्त सूत सलत होतं. १८७५मध्ये मुंबईत फॅक्टरी कमिशन बसलं. इथले गिरणीमालक कायद्याला ‘लँकेशायरचा कावा’ म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. कायद्याच्या बाजूने उभे राहिलेल्यांत शहरातलेच सोराबजी शापुरजी बंगाली होते. शेवटी १८८१मध्ये पहिला भारतीय फॅक्टरी कायदा झाला. शंभर किंवा अधिक माणसं आणि यंत्रशक्ती असेल तिथे लागू. सात वर्षांखालचं मूल कामाला नको. सात ते बाराच्या मुलांना नऊ तास. महिन्याला चार सुट्ट्या. धोक्याच्या यंत्राला कुंपण. वर्षाला चार महिन्यांहून कमी चालणारे कारखाने बाहेर, म्हणजे हंगामी जिनिंगवाल्यांना सोयीची फट मोकळी.

आणि इन्स्पेक्टर कोण? बहुतेक ठिकाणी जिल्ह्याचा मॅजिस्ट्रेट किंवा सिव्हिल सर्जन, आपलं मूळ काम सांभाळून. त्याला ना यंत्राची माहिती, ना सवड. तो यायचा तेव्हा त्याचा घोडा, शिरस्तेदार, पट्टेवाले असा लवाजमा असणार. असा माणूस गपचूप कुठे जाऊ शकतो? आपल्याकडच्या ‘साहेब येणार’ या तयारीला कलेक्टरच्या दौऱ्याचा थाट चिकटला तो इथेच, असं मला वाटतं. विलायतेतला इन्स्पेक्टर निदान रेल्वेने एकटा यायचा. १८८२मध्ये मीड किंग नावाचा विलायती इन्स्पेक्टर मुंबईत येऊन पाहणी करून गेला, तेव्हा त्यालाही हा कायदा अपुराच वाटला.

याच सुमारास मांडवीच्या गिरणीत स्टोअरकीपरी केलेला एक माणूस गिरणगावात सभा घेऊ लागला होता. नारायण मेघाजी लोखंडे. स्टोअरकीपरला मालकाचा हिशेबही दिसतो आणि कामगाराचा हातही. सप्टेंबर १८८४मध्ये परळच्या सुपारीबागेत सभा झाल्या, साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज नव्या फॅक्टरी कमिशनकडे गेला. मागण्या काय होत्या? रविवारची सुट्टी. दुपारी अर्धा तास विसावा. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्त, त्यापुढे नाही. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत. आणि कामावर जखमी झालेल्याला बरा होईपर्यंत पगार, कायमचा अपंग झाला तर पोटापाण्याची सोय. भिंतीच्या रंगाबद्दल एक अक्षर नाही. माणसाच्या वेळेबद्दल, पैशाबद्दल आणि हातापायाबद्दल मात्र सगळं. रविवारची सुट्टी मिळायला १८९०चा जून उजाडावा लागला, आणि पुढच्या वर्षीच्या कायद्याने साप्ताहिक सुट्टी पक्की केली. जखमेच्या भरपाईला तर १९२३ लागलं.

पूर्णवेळ, यंत्र जाणणारे इन्स्पेक्टर १९०८च्या कमिशननंतर हळूहळू आले. मधला तपशील सोडतो. १८९१, १९११, १९२२, १९३४ असे कायदे होत गेले, कारखान्याची व्याख्या शंभरावरून पन्नासावर आणि पन्नासावरून वीसावर आली, तास उतरत गेले. १९४८ला दहा माणसं आणि वीज एवढं पुरेसं झालं.

पण मध्येच एका सख्ख्या भावाची गोष्ट सांगायला हवी, कारण तिथे तयारी मुळीच खोटी नसते. बॉयलर. १८६३मध्ये कलकत्त्यात बॉयलर फुटला, माणसं मेली, आणि १८६४मध्ये बंगालने बॉयलर तपासणीचा कायदा केला, पाठोपाठ मुंबईने. १९२३च्या बॉयलर कायद्यात तर चक्क लिहिलेलं होतं, की इन्स्पेक्टरने तारीख आधी कळवायची, निदान दहा दिवस, आणि मालकाने बॉयलर ‘तपासणीसाठी नीट तयार’ ठेवायचा. म्हणजे आग काढायची, बॉयलर थंड होऊ द्यायचा, पाणी सोडायचं, मॅनहोल उघडायचं, आतल्या नळ्यांवर जमलेला क्षार खरवडून काढायचा, सेफ्टी व्हॉल्व्ह उतरवून ठेवायचा. मग इन्स्पेक्टर डांगरी घालून, बॅटरी आणि हातोडी घेऊन त्या भोकातून आत शिरतो. पत्र्यावर ठोकत जातो. आवाज फुटका आला की थांबतो. नंतर पाणी भरून, नेहमीपेक्षा जास्त दाब देऊन काटा बघत राहायचं. काटा उतरला तर दाखला नाही, आणि दाखला नाही तर वाफ नाही. इथे आगाऊ सूचना देण्यात काही बिघडत नाही, कारण सडलेल्या पत्र्याला रंग लावून दाब पेलवत नाही. बॉयलरच्या खोलीत तयारी आणि तपासणी ही एकच गोष्ट असते. शेजारच्या शेडमध्ये त्या दोन एकमेकींच्या वैरिणी होतात.

का? माझं उत्तर असं, की १९४८चा कायदा फार चांगला होता आणि तो लिहिणाऱ्यांना ठाऊक होतं की इन्स्पेक्टरकडे कारखान्यामागे दोन-तीन तास असणार. म्हणून त्यांनी अशा गोष्टी मागितल्या ज्या डोळ्याला दिसतील आणि मोजता येतील. पिण्याच्या पाण्याची जागा मुतारीपासून सहा मीटर लांब, आणि तिथे ‘पिण्याचे पाणी’ असं बहुसंख्य कामगारांना कळेल त्या भाषेत लिहिलेलं. दीडशे कामगारांमागे प्रथमोपचाराची एक पेटी. अडीचशेहून जास्त कामगार झाले की कँटीन. बायका पन्नासहून (पुढे तीसहून) जास्त झाल्या की पाळणाघर. कामाच्या वेळांची नोटीस दारात. पिकदाणी ठेवायची आणि पिकदाणीबाहेर थुंकणाऱ्याला पाच रुपयांपर्यंत दंड (१९४८ साली पाच रुपये हा दंड होता, आता तेवढ्यात धड गुटखाही येत नाही). यातली एकही मागणी फालतू नाही. उन्हाळ्यात फौंड्रीत उभं राहून बघा, सहा मीटरचा नियम किती शहाणा आहे ते कळेल. पण जे दिसतं तेच तपासलं जातं हे एकदा मालकाला कळलं, की तो दिसणारं तेवढं तयार करतो. यादी जितकी नेमकी, तितकं सोंग वठवणं सोपं.

न दिसणाऱ्याचं एक उदाहरण देतो. पॉवर प्रेस. पत्रा डायखाली सरकवायचा, वरून काही टनांचा रॅम खाली येतो. बोटं वाचावीत म्हणून दोन बटणं असतात, दोन हातांइतकी लांब. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय रॅम हलत नाही. डाव्या हाताने पत्रा धरायला मिळाला तर नग जास्त निघतात, म्हणून एक बटण तारेने कायमचं दाबून टाकतात. पुढची जाळी तर काढलेलीच असते. तेल द्यायला, डाय बदलायला ती आड येते. व्हिजिटच्या दिवशी तार सुटते, जाळीला ताजा हिरवा रंग लागतो, ऑपरेटरला सांगितलं जातं, आज सावकाश चालव. साहेब गेले की संध्याकाळच्या पाळीत तार परत. यात दोष कुणाचा, असं विचारलं तर फोरमन ऑपरेटरकडे बोट दाखवतो. नगावर पैसे लावणाऱ्याचं नाव कुणी घेत नाही. तुटलेली बोटं मोजायची असतील तर ईएसआयच्या दवाखान्यात जावं लागतं, कारखान्यातल्या अपघात रजिस्टरात ती सगळी नसतात.

१९८४च्या डिसेंबरमध्ये भोपाळच्या कारखान्यातून चाळीसेक टन मिथाइल आयसोसायनेट हवेत गेला. वायू धुऊन काढणारा स्क्रबर बंद होता, टाकी थंड ठेवणारी यंत्रणा जूनपासूनच बंद केलेली होती, वायू जाळणारा मनोरा दुरुस्तीला होता. १९८२मध्ये कंपनीच्याच अमेरिकेतल्या पथकाने पाहणी करून धोक्यांची यादी दिलेली होती. म्हणजे तपासणी झाली होती, कागद होता, फाइल होती. त्यानंतर १९८७मध्ये कायद्यात धोकादायक प्रक्रियांचं अख्खं प्रकरण आलं: जागा ठरवण्यासाठी समिती, आणीबाणीचा आराखडा, निम्मे कामगार प्रतिनिधी असलेली सुरक्षा समिती, समोर धोका दिसला तर तो सांगण्याचा कामगाराचा हक्क. तयारीच्या यादीत नवे पदार्थ वाढले. सायरन, जमायच्या जागेची पाटी, मॉक ड्रिल. मॉक ड्रिलचे फोटो चार मार्चच्या राष्ट्रीय सुरक्षा दिनाला नोटीस बोर्डावर लागतात. १९६६मध्ये याच तारखेला राष्ट्रीय सुरक्षा परिषद स्थापन झाली. आणि डोंबिवलीत २६ मे २०१६ला स्फोट होतो, २३ मे २०२४ला पुन्हा होतो.

या वंशावळीतली शेवटची पिढी आपल्या डोळ्यांदेखत जन्मली. उद्योजक ‘इन्स्पेक्टर राज’ म्हणून बोटं मोडत होते, आणि पाकिटाचा सगळा दोष त्यांच्या कल्पनेतला नव्हता. ज्याच्या हाती खटला भरायचा अधिकार, त्याच्या हाती चहाबरोबर आणखीही काही ठेवलं जातं, हे प्रत्येक औद्योगिक वसाहतीला ठाऊक आहे. यावर उपाय निघाला तो इन्स्पेक्टर सुधारण्याचा नव्हे, त्याचं येणं कमी करण्याचा. ऑक्टोबर २०१४मध्ये केंद्राने श्रम सुविधा पोर्टल काढलं. कुठे जायचं हे कॉम्प्युटर ठरवणार, अहवाल ७२ तासांत चढवायचा. राज्याराज्यांत मालकाने स्वतःच सगळं ठीक आहे असं लिहून देण्याच्या योजना आल्या. २१ नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने १९४८चा कायदा मोडीत काढला, चुना-पिकदाणीसारखे तपशील नियमांकडे सोपवले, कारखान्याची मर्यादा विजेसह दहावरून वीस माणसांवर नेली, इन्स्पेक्टरला सल्लागाराची जोडभूमिका दिली आणि काही ठिकाणी बाहेरच्या संस्थेकडून तपासून घेण्याची वाट मोकळी केली.

कॉम्प्युटरची सोडत चांगली आहे. ओळखीच्या साहेबाने ओळखीच्या गेटवर जाण्यापेक्षा नक्कीच चांगली. पण स्वतःच भरायच्या फॉर्ममध्ये दोनशे वर्षांचा हा प्रवास उलटा फिरला आहे. १८०२मध्ये गावातलाच धर्मोपदेशक येऊन बघायचा, आता मालकच आरशात बघून सही करतो. तयारी शिल्लक राहिली आणि ज्याच्यासाठी ती करायची तोच गळला. दहा ते एकोणीस माणसांच्या वर्कशॉपमध्ये, जिथे तारेने बांधलेली बटणं सगळ्यांत जास्त असणार, तिथे तर कारखाना म्हणून कुणी दारही वाजवणार नाही.

जिथे वाजवलं जातं तिथल्या कामगारांसाठी एक माहिती. १९८७च्या दुरुस्तीने जुन्या कायद्यात ११८-अ हे कलम घातलं होतं: तक्रार कुणी केली हे इन्स्पेक्टरने सांगायचं नाही, आणि ही भेट तक्रारीवरून आहे हेही मालकाला कळू द्यायचं नाही. कायदा बदलला, पण हेच बंधन आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या ८१व्या करारातही आहे. त्याच कराराचं बारावं कलम म्हणतं, की इन्स्पेक्टरला कारखान्यात दिवसा-रात्री कधीही, आधी न कळवता शिरता आलं पाहिजे. भारताने तो करार एप्रिल १९४९मध्ये मान्य केला, आणि तो आजही भारतावर बंधनकारक आहे.